वेबसाइटसाठी फाइल देताना अक्षरं कर्व्ह करू नका

छापखान्यात फाइल द्यायची तर आधी अक्षरं कर्व्ह करायची, म्हणजे मजकुराचे नुसते आकार करून टाकायचे, ही सवय आपल्याकडे पक्की आहे, आणि तिथे ती बरोबरच आहे. समोरच्या संगणकावर तुमचा फाँट नसला तर जोडाक्षरं फुटतात. पण तीच फाइल वेबसाइटसाठी आली की आम्हा वेबसाइट बनवणाऱ्यांचे दोन-तीन दिवस तिच्यातच जातात. ‘एसव्हीजीच तर दिलीय, मग उशीर कशाला?’ असं सतत विचारलं जातं, म्हणून हे पत्रक. (एसव्हीजी म्हणजे वेबसाइटवर चालणारी, रेघा आणि मजकूर कोडमध्ये ठेवणारी चित्राची फाइल.)

कर्व्ह केलं की अक्षर उरत नाही, अक्षराच्या आकाराची रेघ उरते. एका दवाखान्याचा मजल्यांचा नकाशा आमच्याकडे आला होता. डोळ्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं: ‘तळमजला – ओपीडी’, ‘दुसरा मजला – एक्स-रे’. फाइल उघडली तर आत नुसते आकडे, शब्द एकही नाही. ज्यांना दिसत नाही ते संगणकावरच्या एनव्हीडीए किंवा मोबाइलवरच्या टॉकबॅक या पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून पान वाचून घेतात. त्यांच्यासाठी तो नकाशा मुका होता, आणि दवाखान्याला तर अशांचीच जास्त काळजी. सगळी अक्षरं नव्याने टाइप करून जागच्या जागी बसवावी लागली. या कामाचे पैसे आम्ही वेगळे लावतो ते यामुळेच.

पाठवण्याआधी एवढं करा. एसव्हीजी ब्राउझरमध्ये उघडून एखादा शब्द माउसने निवडा आणि व्हॉट्सॲपच्या मेसेजमध्ये चिकटवा. निवडताच आला नाही, तर तो कर्व्ह झालाय. चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांचा काला उमटला, तर फाँट जुना आहे, युनिकोड (कुठल्याही संगणकावर मराठी मराठीच राहते ती पद्धत) नाही. कर्व्ह करण्याआधीची कोरलची (कोरलड्रॉ) फाइल द्या, सोबत मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून दिलात तर आणखी बरं. जेपीजी कोरलमध्ये आणून एसव्हीजी म्हणून सेव्ह केला, तर आत जेपीजीच राहतो.

फाँट बिघडेल ही भीती नको. आम्ही चित्र पानाच्या कोडमध्येच लिहितो, त्यामुळे पानाला लावलेला मुक्तासारखा फाँट चित्रालाही लागतो. तेच चित्र फोटोसारखं बाहेरची फाइल म्हणून जोडलं, तर पानाचा फाँट त्याला मिळत नाही आणि आतला मजकूरही वाचला जात नाही.

लोगो कर्व्ह केलेला चालतो. त्याला कोडमध्ये ‘आयएमजी’ रोल (हे एक अखंड चित्र आहे, असं वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला सांगणारी खूण) आणि टायटलमध्ये तुमच्या दुकानाचं नाव दिलं की काम होतं. नकाशाला मात्र हाच रोल दिला तर आतली अक्षरं पुन्हा गडप होतात, म्हणून तिथे आम्ही ‘ग्रुप’ वापरतो आणि मजले खालून वर, ओळीने लावतो, कारण कोडमध्ये जो क्रम तोच वाचनाचा. शोभेच्या वेलबुट्टीला ‘एरिया-हिडन’ लावून वाचनातून वगळतो. आणि एका पानावरचं चित्र उचलून तुम्ही स्वतः दुसऱ्या चित्राशेजारी ठेवणार असाल, तर आधी फोन करा: दोन्हींच्या आयडी (कोडमधल्या भागांना दिलेली ओळखीची नावं) सारख्या असल्या तर दुसऱ्या चित्रालाही पहिल्याचंच नाव वाचलं जातं.

चित्रातून गिऱ्हाइकाला काय कळायला हवं, ते एका वाक्यात लिहून द्या. ते आम्ही लिहू शकतो, पण तुमचा धंदा तुम्हाला जास्त माहीत.

प्रत्येक चित्र देण्याआधी आम्ही एनव्हीडीए आणि टॉकबॅकवर ऐकून बघतो. तुमच्या सध्याच्या वेबसाइटवरचं एखादं चित्र मुकं आहे का ते बघायचं असेल, तर पानाची लिंक पाठवा. पहिलं चित्र तपासायचे पैसे आम्ही घेत नाही.