जिभेच्या कलानं

लातूर, परभणी, बीडकडच्या घरांत हे नाटक आता ओळखीचं झालंय. घरात कुणाला तरी शुगर निघते, डॉक्टर ‘खाणं सुधारा’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी फर्मान सुटतं: पोळी बंद, बिस्किटं बंद, फरसाण बंद, दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी. चार दिवस सगळे मुकाट्यानं खातात. मग धाकटं पोर ताटावर रुसून बसतं, आजोबा ‘दात राहिले नाहीत बाबा’ म्हणत पोळी मागतात आणि ज्वारीच्या पिठाचा डबा फळीवर मागं सरकतो. ‘आमच्या घरात कुणाला निर्धारच नाही’ असं म्हणून विषय मिटतो. पण यात निर्धाराचा संबंध थोडा असतो, चव कशी घडते याचा जास्त.

गोडाची ओढ आणि कडूचा तिटकारा एवढं भांडवल घेऊन बाळ जन्माला येतं. बाकी बहुतेक चवी ते खाऊन खाऊन शिकतं. दोन वर्षांपासून पाच-सहा वर्षांपर्यंत नव्या पदार्थाची धास्ती सगळ्यात जास्त असते, आणि ती पोराची खोड नव्हे. नुकतं चालायला लागलेलं मूल दिसेल तो पाला तोंडात घालू लागलं तर काय होईल, याचा विचार केला की या धास्तीचा उपयोग कळतो.

लीअन बर्च या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ मध्ये दोन वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग या विषयात प्रसिद्ध आहे. मुलांना अनोळखी चीज आणि फळं चाखायला दिली. काही पदार्थ दोनदाच, काही वीस वेळांपर्यंत. जो पदार्थ जास्त वेळा जिभेवर आला, तो जास्त आवडू लागला. पुढच्या अभ्यासांतून साधारण आठ ते पंधरा वेळा चाखणं लागतं, असं दिसत आलं. आपल्याकडं तिसऱ्या वेळीच आई हात टेकते आणि ‘आमच्या पिंट्याला मेथी चालतच नाही’ हे पाहुण्यांसमोर जाहीर होतं. एकदा जाहीर झालं की पिंट्यालाही ते निभवावं लागतं.

याच बाईंचा १९८४ चा प्रयोग तर प्रत्येक स्वयंपाकघरात सांगावा असा आहे. मुलांना केफिर, म्हणजे आपल्या ताकाच्या नात्यातलं आंबवलेलं दूध, प्यायला दिलं. काहींना ते प्यायल्याबद्दल बक्षीस किंवा शाबासकी मिळाली, काहींना नुसतंच दिलं. बक्षीस मिळालेल्या मुलांची त्या पेयाची आवड घटली. पोरं हिशेबाला पक्की असतात: ज्याच्यासाठी लाच द्यावी लागते ती वस्तू वाईटच असणार. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ या एका वाक्यात आपण भाजीची किंमत उतरवतो आणि चॉकलेटची चढवतो.

मग करायचं काय? ताटात घासभर वाढायचं, त्यावर चकार शब्द काढायचा नाही, आणि घरातल्या मोठ्यांनी तेच खायचं. नवी चव ओळखीच्या चवीच्या हाताला धरून आली तर लवकर रुजते, हेही प्रयोगांत दिसलंय. त्यासाठी मराठवाड्याला बाहेर बघायची गरज नाही. आपले धपाटे आहेतच: ज्वारीचं पीठ, थोडी कणीक, बेसन, तीळ, लसूण, मिरची, वरून दही. ज्या पोराला भाकरी नको असते तेच पोर दोन धपाटे मागून घेतं. महिनाभरानं त्याच्या शेजारी चतकोर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आली तर ज्वारीचा वास त्याला परका राहत नाही.

मोठ्यांची जीभही बदलते, फक्त वेळ लावते. चव आणि वासावर संशोधन करणाऱ्या, फिलाडेल्फियातल्या मोनेल संस्थेच्या संशोधकांनी १९८२ मध्ये तरुण माणसांना पाच महिने कमी मिठाच्या जेवणावर ठेवलं. हळूहळू त्यांना कमी मीठच बरोबर वाटू लागलं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मिठाची, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. त्यात पापड, लोणचं, ठेचा, शेव सगळं धरायचं. आमटीतलं मीठ एका रात्रीत अर्ध्यावर आणलं तर घर पेटतं. दर पंधरा दिवसांनी चिमूटभर कमी केलं तर कुणाला पत्ताही लागत नाही.

पोटाचंही तसंच. तंतुमय पदार्थ आपण स्वतः पचवत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यावर जगतात. वर्षानुवर्षं पांढरा भात आणि मैदा खाणाऱ्याला अचानक भाकरी, मटकी आणि हरभऱ्याची उसळ वाढली की त्या जिवाणूंची चैन होते आणि पोटात गुबारा धरतो. मग ‘मला ज्वारी बाधते’ असा निकाल लागतो. हळूहळू वाढवलं, पाणी पुरेसं पिलं, कडधान्यं भिजवून पाणी टाकून दिलं, की ही तक्रार बहुतेकांची कमी होते.

आता थोडं कटू. ज्वारीबद्दल हल्ली जे बोललं जातं त्यातलं बरंचसं फुगवलेलं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत तंतू सुमारे १० ग्रॅम आहेत, आणि गव्हाच्या कणकेत सुमारे ११. पिष्टमय पदार्थ दोन्हींत साठच्या पुढंच. म्हणजे न चाळलेल्या कणकेच्या पोळीच्या जागी भाकरी आली म्हणून चमत्कार होत नाही. फरक पडतो तो मैद्यातून आणि पॉलिशच्या तांदळातून बाहेर पडलो की. त्यांत तंतू ३ ग्रॅमच्याही आत असतात. ज्वारीची प्रथिनं शिजल्यावर घट्ट होतात, त्यामुळं ती जरा सावकाश पचते, हे खरं. पण ‘ज्वारीनं शुगर वाढत नाही’ म्हणत चार भाकरी चेपणाऱ्याची शुगर वाढतेच. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी असतं, डाळींत ते भरपूर, म्हणून भाकरीला पिठलं किंवा वरण हवंच.

‘नैसर्गिक’ या शब्दाची भुरळ तर त्याहून वाईट. गूळ नैसर्गिक, पण १०० ग्रॅममध्ये सुमारे ८५ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे जवळजवळ सगळी साखरच. मधुमेह्यानं चहात साखरेऐवजी गूळ घालून काही साधत नाही. ओल धरलेल्या शेंगदाण्यावरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विषही निसर्गाचंच, आणि ते यकृताला घातक. आणि कोवळी ज्वारी खाऊन जनावर कसं दगावतं हे शेतकऱ्याला सांगायला नको; त्या धाटांत सायनाइड तयार होतं. कारखान्यातलं ते सगळं विष आणि शेतातलं ते अमृत, अशी वाटणी होत नाही.

तरीही पाकीटबंद खाण्याबद्दल सावध राहायला ठोस कारण आहे. अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये २० माणसांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त, म्हणजे कारखान्यात तयार झालेलं पाकीटबंद, आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. वाढलेल्या जेवणांत साखर, मीठ, चरबी, तंतू सारखेच ठेवले होते, हवं तितकं खायची मुभा होती. पाकिटातल्या खाण्यावर माणसांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत जवळपास किलोभर वजन चढलं. ती माणसं भराभरा खात होती, बहुधा पोट भरल्याचा निरोप पोचायच्या आत. भाकरी भराभरा खाऊन दाखवा.

लोहाचं एक सांगायला हवं, कारण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांत रक्त कमी आढळलं. ज्वारीत लोह असतं, पण धान्यातलंच फायटेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं. येळवसीच्या, म्हणजे वेळा अमावस्येच्या, आंबिलात ज्वारीचं पीठ आंबतं तेव्हा हे फायटेट फुटतं. जेवणावर लिंबू पिळलं तर लोह जास्त शोषलं जातं, जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं लोह आणि जस्त जास्त असलेलं ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाणही आहे. पण जेवण होताच चहाचं आधण ठेवायची सवय मोडणं वाण बदलण्यापेक्षा स्वस्त.

एवढं असूनही भाकरी ताटातून गेली, त्याला नुसती जीभ कारण नाही. रेशनवर गहू-तांदूळ आले, खरिपात ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली. आणि भाकरीला हात लागतो. पिठात ग्लुटेन, म्हणजे कणकेला चिवटपणा देणारं गव्हातलं प्रथिन, नाही, म्हणून उकळतं पाणी ओतून स्टार्च फुगवून चिकट करावं लागतं. मग परातीत तळहातानं रगडायचं, फिरवत थापायचं, तव्यावर टाकून वर पाणी लावायचं आणि ते सुकायच्या बेतात असताना उलटायचं. क्षणभर उशीर झाला की कडा तडकतात. पीठ जुनं असेल तर विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते, भाकरी परातीतच तुटते, म्हणून थोडं-थोडं दळून आणावं लागतं. सहा माणसांच्या घरात हे दोन्ही वेळा कोण करणार, हे ठरवल्याशिवाय फर्मान काढणाऱ्यानं आठवड्यातून दोन दिवस तरी परातीसमोर बसून बघावं.

आणि सुरुवात ताटाच्याही आधी होते. मोनेलच्याच ज्युली मेनेला यांच्या २००१ च्या अभ्यासात ज्या आया गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना गाजराचा रस प्यायल्या, त्यांच्या बाळांनी पुढं गाजराची चव असलेला खाऊ जास्त आनंदानं खाल्ला. लसणाचा वास दुधात उतरतो, हेही याच संस्थेत १९९१ मध्ये दिसलं, आणि त्या दुधावर बाळं जास्त वेळ अंगावर राहिली. बाळंतिणीला शेपूची भाजी आणि बाजरीची भाकरी वाढणाऱ्या आजीला हे प्रयोग ठाऊक नसतात. पण ज्या घरात आता बाळंतिणीला चहात बुडवून टोस्ट-बिस्किटं मिळतात, तिथलं बाळ शेपूच्या चवीशी ओळख न होताच ताटावर येतं, आणि पिंट्याची आई म्हणते, याला पालेभाजी चालत नाही.