आतून हिरवं निघालेलं काँक्रीट

आठवडाभर पाण्यात ठेवलेला काँक्रीटचा ठोकळा फोडला आणि तो आतून निळसर-हिरवा निघाला, तर पहिल्यांदा पाहणारा दचकतोच. मालात भेसळ झाली की काय? तसं काही नसतं. सिमेंटच्या जोडीला स्लॅग घातल्याची ती खूण. त्यातल्या सल्फाइडांमुळे हा रंग येतो आणि हवा लागली की हळूहळू उडून जातो.

स्लॅग म्हणजे धातुमळी. झोतभट्टीत लोखंड तयार होताना खनिजातला दगड-मातीचा भाग चुनखडीशी एकजीव होतो आणि वितळलेल्या लोखंडावर तरंगतो. टनभर लोखंडामागे साधारण ३०० किलो मळी निघते, तीही १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली.

ती निवते कशी, यावर पुढचं सगळं ठरतं. उघड्यावर सावकाश निवली तर तिचे स्फटिक बनतात. उरतो तो दगड, फार तर खडी म्हणून वापरायचा. त्याच रसावर पाण्याचा जोरदार मारा केला, तर अणूंना रांगेत बसायला सवडच मिळत नाही. वाळूएवढे काचमय कण तयार होतात. ते दळले की त्यांच्यात सिमेंटचा गुण! जर्मनीत एमिल लांगेन यांना १८६२ मध्ये तो सापडला.

नुसत्या पाण्यात मात्र ही पूड ढिम्म हलत नाही म्हटलं तरी चालेल. तिला चुना लागतो. सिमेंट भिजताना तो आपोआप सुटतो, स्लॅगची काच फोडतो आणि त्यातून तयार झालेला चिकट जेल बारीक छिद्रं बुजवतो. मग समुद्राचे क्षार आतल्या सळईपर्यंत सहज पोचत नाहीत. उष्णताही हळू सुटते, म्हणून इमारतीच्या जाडजूड पायाला तडे कमी.

पण पहिल्या आठवड्यात हे काँक्रीट मागे रेंगाळतं, थंडीत तर जास्तच. साचे काढायची घाई आणि क्युरिंगमधली, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवण्यातली, कुचराई याला अजिबात मानवत नाही.

सिमेंटसाठी चुनखडी भाजली की कार्बन डायऑक्साइड निघणारच, इंधन कितीही स्वच्छ असो. स्लॅगचं भाजणं लोखंडाच्या खाती आधीच जमा झालेलं. निम्मं सिमेंट सहज वाचतं. अडचण आहे ती पुरवठ्याची. जगाला वर्षाला सुमारे ४ अब्ज टन सिमेंट लागतं आणि झोतभट्ट्यांची मळी त्याच्या दशांशाच्याही आत. भंगारापासून विजेच्या भट्टीत पोलाद करतानाही मळी निघते, पण ती वेगळी: तिच्यातला मोकळा चुना नंतर फुगतो.