दम आधी येतो, हाड मागून

सोयाबीन निघते, कापसाची वेचणी मागे पडू लागते आणि विदर्भात गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. पावसाळाभर चेंडू हातात न घेतलेला 15-16 वर्षांचा मुलगा मग एकाच आठवड्यात पाच-सहा सामने खेळतो आणि गोलंदाजी करताना त्याचा पुढचा पाय जिथे आदळतो, तिथे काळ्या मातीत बोटभर खळगा पडतो. तो खळगा नीट पाहावा. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय टेकतो, त्या क्षणी त्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण 5 ते 7 पट भार येतो आणि त्याचा हिसका गुडघ्यातून, खुब्यातून थेट कमरेच्या मणक्यांपर्यंत चढतो.

‘पोरगा रोज पांदणीने पाच किलोमीटर पळतो, त्याला काय होते?’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. पळणे वाया जात नाही. प्रत्येक चेंडूमागची धाव काही सेकंदांचीच असते आणि तिला लागणारी ऊर्जा मुख्यतः स्नायूंमधील क्रिएटिन फॉस्फेट या झटपट ऊर्जा देणाऱ्या रसायनाच्या साठ्यातून येते. गोलंदाज खुणेपर्यंत चालत परततो, त्या अर्ध्या मिनिटात प्राणवायूच्या बळावर हा साठा बराचसा भरून निघतो. दमसास म्हणजे ही भरपाई लवकर करण्याची ताकद. म्हणून संथ धावण्याच्या जोडीला धुऱ्यालगत 25 मीटरची खूण करून जोरात पळणे आणि चालत परतणे, असे सहा-सहाच्या टप्प्यांत करावे. षटकाची लय शरीराला अशीच कळते.

खरी अडचण पुढे आहे. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात; हाडाला मात्र महिने लागतात. भार वाढला की शरीर हाडाचा जुना भाग आधी झिजवते, मग नवा भरते आणि तो टणक व्हायला आणखी वेळ जातो. त्यामुळे मुलाला दम आल्यासारखा वाटतो, चेंडू वेगाने पडू लागतो, नेमके तेव्हाच त्याचे हाड कच्चे असू शकते. मणक्याचे हाड विशीतही पक्के होतच असते, म्हणून तरुण गोलंदाजांना मणक्याच्या हाडाला तडा जाण्याचा धोका अधिक.

नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा खाण वसाहतीत वाढलेला उमेश यादव टेनिस बॉलवरूनच पुढे आला आणि 2011 मध्ये कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू ठरला. त्याची वाट धरणाऱ्या मुलांनी एवढे ध्यानात ठेवावे, की टेनिस बॉल सुमारे 58 ग्रॅमचा असतो आणि लेदर बॉल 156 ते 163 ग्रॅमचा. खांद्याला हा फरक एका दिवसात पेलत नाही. स्पर्धेआधी दीड-दोन महिने, एक दिवस आड, मोजून तीन-चार षटकांपासून सुरुवात करावी आणि सरावातले चेंडूही कॅलेंडरवर लिहून ठेवावेत. भाकर, तुरीचे वरण, दूध, तीळ हे घरचे खाणे पोटभर मिळाले, तर महागड्या पावडरीची गरज पडत नाही.

उजव्या हाताच्या गोलंदाजाला बहुधा डावीकडे, कमरेत खाली, एका बोटाने दाखवता येईल अशी कळ येते. मागे वाकले की ती वाढते. तालुक्याला एक्स-रे काढतात, तो स्वच्छ येतो आणि मुलगा रविवारी पुन्हा मैदानात उतरतो. सुरुवातीची इजा एक्स-रेत बहुतेकदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. त्यासाठी नागपूर गाठावे लागले तरी गाठावे आणि तोवर गोलंदाजी पूर्ण थांबवावी, कारण वेळीच सापडलेली इजा काही महिन्यांच्या विश्रांतीने भरून येते, पण तडा आरपार गेला तर तो कधी कधी जुळतच नाही.