एफआर, एफआरएलएस, फायर सर्वायव्हल: केबलच्या आगीच्या टेस्ट आल्या कुठून?

वायरच्या बॉक्सवर ‘एफआर’ (फ्लेम रिटार्डंट) छापलेलं दिसलं की बरेच जण धरून चालतात की ही वायर जळत नाही. जळते, बरं का. एफआर म्हणजे फक्त तिच्यावरून आग भराभर पुढे सरकत नाही आणि ज्योत बाजूला घेतली की ती विझते. धूर किती होणार हा वेगळा प्रश्न (एफआरएलएसमधलं ‘एलएस’ म्हणजे लो स्मोक, ते यासाठी), आणि आजूबाजूला आग असताना त्या वायरमधून करंट चालू राहील का हा तिसराच (तेच फायर सर्वायव्हल). एकात पास झालेली केबल दुसऱ्यात सपशेल नापास होऊ शकते. आणि हे तीन प्रश्न एकदम कोणाला सुचलेले नाहीत, एकेक करत सुचत गेलाय.

सुरुवात केली विमावाल्यांनी. लंडनमध्ये १८८२ साली विजेच्या दिव्यांमुळे आग लागू नये म्हणून पहिले वायरिंगचे नियम आले. अमेरिकेत १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात दिव्यांची इतकी रेलचेल होती की विमा कंपन्यांच्या पोटात गोळा आला, त्यांनी विल्यम हेन्री मेरिल नावाच्या तरुण इंजिनिअरला तपासायला धाडलं आणि त्यातूनच १८९४ मध्ये अंडररायटर्स लॅबोरेटरीज उभी राहिली, म्हणजे आज चार्जरवर गोलात जे ‘यूएल’ दिसतं ना, तेच. त्यांची पहिली टेस्टसुद्धा न जळणाऱ्या इन्सुलेशनचीच होती.

त्याच काळात, १८९६ ला, बोरेल नावाच्या एका स्विस माणसाने एका केबलचं पेटंट घेतलं होतं. तांब्याची नळी, आत तांब्याचीच तार आणि मधे ठासून भरलेली पावडर. पुढे ही पावडर मॅग्नेशियम ऑक्साइडची झाली. म्हणजे जळण्यासारखं आत काही नाहीच. १९३० च्या दशकात आधी फ्रान्समध्ये आणि मग इंग्लंडमध्ये ‘पायरोटेनॅक्स’ नावाने ती बाजारात आली. आजही आगीत टिकण्याच्या बाबतीत हिला तोड नाही, पण महाग, वळवायला कडक, आणि कापलेल्या टोकातून पावडर हवेतली ओल शोषते, टोकाचं सील नीट बसलं नाही की मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर, रीडिंग धाडकन खाली. त्यामुळे जग गेलं पीव्हीसीकडे. स्वस्त, मऊ, रंगीत, आणि क्लोरीन असल्यामुळे रबरापेक्षा आगीला बरं. एक वायर सुटी धरून खालून ज्योत लावली की थोडी काळी पडते आणि विझते. कित्येक वर्षं टेस्ट म्हणून एवढंच पाहिलं जायचं.

आणि मग १९७५ उजाडलं.

२७ फेब्रुवारीला न्यूयॉर्कच्या सेकंड अव्हेन्यूवरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तळघरातल्या केबलना आग लागली. एक लाख ७० हजार फोन बंद, सुरू व्हायला साधारण तीन आठवडे. त्यानंतर महिनासुद्धा झाला नव्हता, २२ मार्चला अलाबामातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात जे झालं ते तर ऐकून विश्वास बसत नाही. कंट्रोल रूमच्या खाली केबल स्प्रेडिंग रूम असते, हजारो केबल ट्रेवर पसरलेल्या, आणि त्या भिंतीतून पलीकडे जातात तिथे भोकं फोमने बुजवलेली. हवा कुठून गळतेय हे शोधायला तिथली माणसं मेणबत्ती वापरायची. हो, अणुकेंद्रात, मेणबत्ती! ज्योत हलली की तिथे गळती. त्या दिवशी हवेच्या ओढीने ज्योत सरळ भोकातल्या फोममध्ये खेचली गेली आणि फोमने पेट घेतला.

आग भिंतीच्या पलीकडे रिअॅक्टर बिल्डिंगमध्ये पोचली आणि जवळजवळ सात तास जळत राहिली. वर कंट्रोल रूममध्ये पॅनलवरचे दिवे वाट्टेल तसे लागतायत, पंप स्वतःहून सुरू होतायत, बंद होतायत. कारण साधं होतं, खाली इन्सुलेशन जळून एका केबलची तार दुसरीला चिकटत होती. सोळाशेच्या वर केबल गेल्या आणि एक नंबर युनिटची आणीबाणीची कूलिंग व्यवस्थाच हातातून गेली. विजेच्या केबल म्हणून पाणी मारायला कोणी तयार नाही, गावच्या फायर ब्रिगेडचा चीफ आधीपासून पाणी मारा म्हणत होता, शेवटी संध्याकाळी परवानगी मिळाली आणि मग आग थोड्याच वेळात आटोक्यात आली. (आपल्या तारापूरचे पहिले दोन रिअॅक्टरही जनरल इलेक्ट्रिकचेच, उकळत्या पाण्याच्या प्रकारचे, त्यामुळे ही घटना आपल्यापासून वाटते तितकी लांबची नाही.)

यातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक म्हणजे सुटी केबल विझते म्हणून केबलचा गठ्ठा विझेल असं नाही, ट्रेवर शंभर केबल शेजारी शेजारी असल्या की एकीची उष्णता दुसरीला पेटवते आणि आग वर चढत जाते. अमेरिकेत १९७४ च्या आयट्रिपलई ३८३ या इंजिनिअरांच्या संस्थेच्या मानकात उभ्या ट्रेवर वीस मिनिटं बर्नर लावायची टेस्ट आलेली होतीच, पण ती किती गरजेची आहे हे आता सगळ्यांना दिसलं. नंतर आयईसीची, म्हणजे विजेच्या सामानाची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची, ६०३३२ भाग ३ ही टेस्ट आली. शिडीवर साडेतीन मीटर लांब केबल बांधायच्या, खालून बर्नर, आणि जळल्याची खूण बर्नरपासून अडीच मीटरच्या वर जाता कामा नये. कॅटेगरी ए ला मीटरमागे सात लिटर जळाऊ माल आणि ४० मिनिटं, कॅटेगरी सी ला दीड लिटर आणि २० मिनिटं. टेंडरमध्ये नुसतं ‘६०३३२ प्रमाणे’ लिहिलेलं असतं तेव्हा सप्लायर आपल्या सोयीची कॅटेगरी धरतो, हे सांगायला नकोच.

दुसरी गोष्ट म्हणजे मेन आणि बॅकअप केबल एकाच वाटेने नेल्या तर बॅकअपला काही अर्थ उरत नाही. हा धडा कागदावर होता तरी आपल्याकडे तो परत शिकावा लागला. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, जनरेटर हादरला, हायड्रोजन गळून पेटला, तेल पेटलं आणि आग केबल ट्रेवरून धावली. मेन पुरवठ्याच्या आणि बॅकअपच्या केबल जवळजवळ, मधे पुरेसा अडसर नाही, त्यामुळे दोन्ही गेल्या. सतरा तास केंद्रात वीज नाही. कंट्रोल रूम धुराने भरली, माणसांना बाहेर पडावं लागलं, रिअॅक्टर बंदच राहावा म्हणून काही जण टॉर्च घेऊन वर चढले आणि बोरॉनचे व्हॉल्व्ह हाताने उघडले, आणि स्टीम जनरेटरला पाणी दिलं ते आग विझवायच्या डिझेल पंपांनी. किरणोत्सार बाहेर गेला नाही, पण थोडक्यात निभावलं.

आता तिसरा प्रश्न, आगीत करंट चालू राहणं. आयईसी ३३१ ही त्यासाठीची टेस्ट १९७० पासूनच होती, ७५० डिग्री, तीन तास. ब्रिटिशांनी १९८३ मध्ये बीएस (ब्रिटिश स्टँडर्ड) ६३८७ काढून ती कडक केली. केबलचा सव्वा मीटरच्या आसपासचा तुकडा आडवा धरायचा, खाली गॅसचा लांबट बर्नर, केबलमध्ये पूर्ण व्होल्टेज आणि सर्किटमध्ये बल्ब आणि फ्यूज. बाहेरचं सगळं आवरण जळून राख होऊन गळून पडलं तरी चालतं, फक्त बल्ब विझायचा नाही आणि फ्यूज उडायचा नाही. ‘सी’ म्हणजे ९५० डिग्रीला तीन तास, ‘डब्ल्यू’ म्हणजे ६५० डिग्रीला आधी नुसती आग आणि मग वरून पाण्याचा फवारा, कारण खऱ्या आगीत स्प्रिंकलर असतो, ‘झेड’ म्हणजे ९५० डिग्रीला पंधरा मिनिटं आगीबरोबर दांड्याचे ठोकेही, कारण छताचे तुकडे पडतात. ब्रोशरमध्ये ‘सीडब्ल्यूझेड’ असं ऐटीत लिहिलेलं असतं ते हेच. मेख अशी की तिन्ही टेस्ट वेगवेगळ्या तुकड्यांवर घेतात, आग, पाणी आणि मार हे सगळं एकाच तुकड्याने खायचं नसतं. इमारतीत मात्र सगळं एकाच केबलच्या वाट्याला येतं. पुढे बीएस ८४९१ मध्ये मोठ्या केबलसाठी हे एकत्र केलं. ऑस्ट्रेलियावाले तर भट्टीतच टाकतात, दोन तासांत तापमान १०५० च्या आसपास जातं, तांबं १०८५ ला वितळतं म्हणजे अगदी काठावर. अॅल्युमिनियम ६६० लाच पाणी होतं, त्यामुळे फायर सर्वायव्हल केबल अॅल्युमिनियमची का नसते हा प्रश्नच मिटला. आणि ही केबल टिकते कशाने, तर तारेवर गुंडाळलेल्या अभ्रकाच्या टेपने.

धुराचं प्रकरण सगळ्यात शेवटी गांभीर्याने घेतलं गेलं. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड सोडतं, ते डोळ्यात आणि छातीत गेलं की माणूस दाराची वाटच शोधू शकत नाही. लंडन अंडरग्राउंडवाल्यांनी तीन मीटरच्या चौकोनी खोलीत एक लिटर अल्कोहोल पेटवून त्यावर केबल जाळायची आणि पलीकडे उजेड किती पोचतो ते मोजायचं अशी टेस्ट बसवली, तीच आता आयईसी ६१०३४. १९८७ च्या किंग्ज क्रॉसच्या आगीत ३१ माणसं गेली, ती आग लाकडी सरकत्या जिन्याखाली लागली होती, केबलमुळे नव्हे, पण त्यानंतर बोगद्यात कमी धुराच्या केबलच हव्यात हा आग्रह फार वाढला. १९९६ मध्ये डसेलडॉर्फ विमानतळावर १७ जण गेले आणि युरोपातही हीच चर्चा जोरात झाली, जुलै २०१७ पासून तिकडे इमारतीत कायमच्या बसवायच्या केबलचा आगीचा वर्ग जाहीर करणं सक्तीचं आहे.

आपल्याकडे पीव्हीसी वायरच्या आयएस ६९४ या भारतीय मानकात एफआर आणि एफआर-एलएसएच (कमी धूर, कमी हॅलोजन; हॅलोजन म्हणजे क्लोरीनसारखी मूलद्रव्यं) असे प्रकार आहेत. ऑक्सिजन इंडेक्स, म्हणजे जळत राहायला किती टक्के ऑक्सिजन लागतो तो आकडा, किमान २९, म्हणजे हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो तेवढ्यावर ती जळत राहू नये. एफआर-एलएसएचला आम्लवायू वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत चालतो. वीस टक्के हा आकडा नीट वाचा, ‘लो स्मोक’ असं नाव असलं तरी ते पीव्हीसीच आहे. हॅलोजनच नको असेल तर आयएस १७०४८, ते २०१८ मध्ये आलं, आणि फायर सर्वायव्हलसाठी आयएस १७५०५ यायला २०२१ उजाडलं. तोपर्यंत आपले कन्सल्टंट ब्रिटिश नंबर लिहूनच काम भागवायचे.

एक गोष्ट मात्र या सगळ्या टेस्टमध्ये बसतच नाही, ती म्हणजे केबल कशावर टांगली आहे. इंग्लंडमध्ये २००५ ला स्टीव्हनेजच्या आणि २०१० ला साउथॅम्प्टनच्या उंच इमारतींत प्रत्येकी दोन फायरमन गेले. दोन्हीकडे प्लास्टिकचं ट्रंकिंग (केबल झाकायची भिंतीवरची पट्टी) वितळून केबल खाली लोंबल्या होत्या, माणसं त्यात अडकली. मग २०१५ मध्ये तिकडच्या वायरिंगच्या नियमांत आलं की बाहेर पडायच्या वाटांवर केबलचा आधार आगीत लवकर कोसळता कामा नये, आणि २०१८ च्या आवृत्तीत तो नियम पूर्ण इमारतीला लावला. आपल्याकडे महागडी सर्वायव्हल केबल घेऊन ती प्लास्टिकच्या टायने बांधलेली आजही सर्रास दिसते. टाय आधी जातो, केबल नंतर.