थिन क्लायंट कुठे अडकला ते बघा, साल कळेल

थिन क्लायंट म्हणजे प्रोग्रॅम सर्वरवर चालतात आणि आपल्यापुढे फक्त पडदा-कीबोर्ड असतो असं साधं मशीन. त्याचं नेटवर्क लावणारा माणूस कधी ना कधी काळ्या स्क्रीनकडे बघत बसलेला असतोच. सर्वर चालू आहे, केबल बसलीये, स्विचवर दिवा लुकलुकतोय, आणि क्लायंट मात्र एका ओळीवर येऊन ढिम्म. मग शोधाशोध, कोणीतरी सांगतं अमुक सेटिंग बदला, ते बदलून कधी चालतं कधी नाही, आणि चाललं तरी का चाललं ते कळत नाही. माझं म्हणणं असं आहे की ही सिस्टीम कोणी एका बैठकीत डिझाइन केलेली नाहीये, तिच्यात चाळीस वर्षांचे थर एकावर एक बसलेत, आणि क्लायंट कोणत्या ओळीवर थांबलाय ते बघितलं की आपण कोणत्या सालात अडकलोय ते जवळपास सांगता येतं.

सुरुवात टर्मिनलपासून करतात सगळे, पण तो भाग पटकन उरकू. एक मोठा कॉम्प्युटर, त्याला जोडलेले बरेच कीबोर्ड आणि पडदे, हे साठच्या दशकापासून होतं, डेक कंपनीचं व्हीटी१०० टर्मिनल हे १९७८ चं, आणि आजही लिनक्सची टर्मिनल विंडो त्याच्याच खाणाखुणा पाळते. पण तिथे नुसती अक्षरं होती. खरी गंमत चित्रं आल्यावर सुरू झाली.

१९८४ मध्ये एमआयटीत बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी एक्स विंडो सिस्टीमचं, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, काम सुरू केलं. त्याआधी स्टॅनफर्डची डब्ल्यू नावाची विंडो सिस्टीम होती, म्हणून पुढचं अक्षर एक्स, एवढं साधं. १९८७ मध्ये एक्स११ आलं आणि तो ११ आकडा अजून हललेला नाही. एमआयटीत तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांची मशीन होती, त्यामुळे प्रोग्रॅम एका मशीनवर चालवायचा आणि त्याची खिडकी दुसऱ्याच मशीनवर दाखवायची ही सोय पहिल्यापासून पायातच घातली गेली. नव्या माणसाचा गोंधळ इथेच होतो, कारण एक्सच्या भाषेत सर्वर म्हणजे आपल्या समोरचं मशीन, ज्याच्याकडे पडदा, माउस, कीबोर्ड आहे ते, आणि लांबच्या दणकट कॉम्प्युटरवर चालणारा ब्राउझर हा क्लायंट. म्हणजे थिन क्लायंटवर एक्स सर्वर चालतो आणि सर्वरवर एक्स क्लायंट! हे एकदा डोक्यात बसलं की अर्धे एरर मेसेज वाचता यायला लागतात, नाही बसलं तर माणूस चुकीच्या मशीनचा लॉग तासभर वाचत बसतो (मी बसलोय).

मग १९८९ च्या सुमारास एक्सडीएमसीपी आलं. टर्मिनल चालू झालं की ते यूडीपीच्या (पोच न मागता पॅकेट पाठवायची पद्धत) १७७ पोर्टवर विचारायचं, कोणी लॉगिन देतं का, आणि सर्वर लॉगिनचा पडदा पाठवायचा. एनसीडीसारख्या कंपन्या तर फक्त एक्स टर्मिनल बनवून विकायच्या, आत हार्डडिस्क नाही, एक्स सर्वर आणि नेटवर्क एवढंच. सगळं उघड्यावर जायचं हे मात्र खरं, पासवर्डसुद्धा. त्या काळी नेटवर्कवरची सगळी माणसं ओळखीचीच असतात असं धरून चालायचे.

आता दुसरा धागा, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा, कारण निम्म्याहून जास्त भानगडी इथे होतात. डिस्क नसलेलं मशीन चालू कसं करायचं? त्याला स्वतःचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी, माहीत नाही, कोणाशी बोलायचं ते माहीत नाही, माहीत आहे तो फक्त नेटवर्क कार्डवर कोरलेला मॅक अ‍ॅड्रेस. डिस्क महाग होती म्हणून सन कंपनीची डिस्कलेस वर्कस्टेशन चांगली चालली होती, आणि १९८४ मध्ये त्यासाठी रार्प आलं, आरएफसी ९०३ (इंटरनेटच्या नियमांचा कागद). मशीन ओरडायचं, माझा मॅक हा, माझा आयपी कोणता? उत्तरात फक्त आयपी मिळायचा, बाकी काही नाही, आणि ती हाक राउटरच्या पलीकडे जायची नाही. म्हणून पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९८५ मध्ये, बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी बूटपी लिहिलं. त्याच्या पॅकेटमध्ये दोन रकाने होते, पुढच्या सर्वरचा पत्ता आणि बूट फाइलचं नाव. हे दोन रकाने लक्षात ठेवा.

१९९३ मध्ये मशीनना आयपी वाटणारं डीएचसीपी आलं, १९९७ मध्ये त्याची आजची आवृत्ती, पण पॅकेटचा साचा बूटपीचाच ठेवला, वर भाडेकरार (आयपी ठराविक मुदतीपुरता देणं) आणि ऑप्शन (जादा माहितीचे रकाने) चढवले. त्यामुळे आज साध्या राउटरने क्लायंटला आयपी दिला पण फाइलचा रकाना रिकामा सोडला की स्क्रीनवर पीएक्सई-ई५३ एरर येतो (पीएक्सई म्हणजे पीसीला नेटवर्कवरून बूट करणारा कोड, त्याच्याबद्दल पुढे), बूट फाइलचं नाव मिळालं नाही म्हणून. आयपी मिळालाय म्हणजे नेटवर्क ठीक आहे, तक्रार आहे ती १९८५ च्या रकान्याची. आणि ई५१ आला तर डीएचसीपीचं उत्तरच आलेलं नाही, तिथे केबल, व्हीलॅन (स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क), बंद पडलेला डीएचसीपी बघा, बूट फाइलच्या नावाशी खेळण्यात अर्थ नाही.

फाइल मिळवायचं काम टीएफटीपीचं, ते तर १९८० च्या आसपासचं, छोट्याशा रॉममध्ये मावावं म्हणून मुद्दाम बाळबोध ठेवलेलं. ५१२ बाइट पाठवायचे, पोच येईपर्यंत थांबायचं, मग पुढचे ५१२. ब्लॉकचा नंबर १६ बिटचा, म्हणून मूळ नियमांनी ३२ एमबीच्या वर फाइल जाईचना. पुढे ब्लॉकचा आकार वाढवायची सोय झाली, पण वाट बघत बघत जाण्याची सवय राहिली, आणि म्हणून एका वेळी तीस क्लायंट चालू केले की कर्नल (लिनक्सचा गाभा) उतरायला एवढा वेळ लागतो. फायरवॉलमध्ये यूडीपी ६९ उघडलं तरी ई३२ टाइमआउट येतो कारण सर्वर उत्तर ६९ वरून देतच नाही, प्रत्येक फाइलसाठी नवा पोर्ट घेतो. हेही त्या मूळ डिझाइनमधलंच.

लिनक्सवाले नव्वदच्या दशकात यात उतरले तेव्हा साध्या पीसीला नेटवर्कवरून बूट करायची अक्कल नव्हती. एथरबूट प्रोजेक्टमधून कोड घ्यायचा, तो फ्लॉपीवर टाकायचा किंवा ईप्रॉम चिपमध्ये बर्न करून नेटवर्क कार्डच्या रिकाम्या सॉकेटमध्ये बसवायचा, असं चालायचं. प्रत्येक कार्डाचा ड्रायव्हर वेगळा, चिप चुकली की परत सगळं. इंटेलने पीएक्सई आणलं, १९९९ मध्ये त्याचं २.१ स्पेसिफिकेशन आलं, आणि हळूहळू मदरबोर्डवरच ते यायला लागलं. एथरबूटचंच पुढे जीपीएक्सई झालं आणि २०१० मध्ये त्यातून आयपीएक्सई फुटलं, जे आज एचटीटीपीवरूनही कर्नल खेचतं.

पीएक्सईची सर्वात शहाणी गोष्ट म्हणजे प्रॉक्सी डीएचसीपी. नेटवर्कचा मूळ डीएचसीपी दुसऱ्या कोणाच्या हातात असतो, त्याला हात लावू देत नाहीत, तर आयपी त्याने द्यावा आणि फक्त बूटची माहिती आपल्या सर्वरने बाजूने द्यावी. डीएनएसमास्क नावाचा छोटा सर्वर प्रोग्रॅम हे चार ओळींत करतो. त्याच नेटवर्कवर दुसरा पूर्ण डीएचसीपी सर्वर लावणं म्हणजे मात्र भांडणाला आमंत्रण, कधी हा जिंकतो कधी तो, आणि क्लायंट सकाळी चालतो, दुपारी नाही.

पीएक्सईवरून लिनक्स चढवणाऱ्या पीएक्सलिनक्सची एक सवय नवशिक्यांना घाबरवते तीही सांगतो. ते आपली कॉन्फिग फाइल आधी मशीनच्या यूयूआयडी नंबराच्या नावाने (तो मिळाला तर) शोधतं, मग मॅक अ‍ॅड्रेसच्या नावाने शोधतं, मग आयपीच्या हेक्स (१६ च्या पायातल्या) नावाने, मग एकेक अक्षर कमी करत, आणि शेवटी डिफॉल्ट. लॉगमध्ये ओळीने फाइल सापडली नाही, सापडली नाही असं दिसतं, आणि ते अगदी नॉर्मल आहे.

सर्वात चकवणारी भानगड मात्र यातल्या कशाचीच नाही, ती स्विचची आहे. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री शोधलं, केबलचा लूप झाला तरी नेटवर्क बुडू नये म्हणून. पोर्टवर लिंक आली की जुन्या पद्धतीचा स्विच १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो, मग पॅकेट सोडतो. पीएक्सई बराच वेळ हाका मारत राहतं म्हणून ते बहुतेक वेळा निभावतं, कर्नलही उतरतो, आणि मग लिनक्सचा ड्रायव्हर कार्ड नव्याने सुरू करतो, लिंक क्षणभर पडते, स्विच परत शून्यापासून मोजायला लागतो, आणि इनिटरामएफएसमधला (कर्नलसोबत उतरणारी सुरुवातीची छोटी सिस्टीम) डीएचसीपी तेवढ्यात कंटाळून हात वर करतो. लोक कर्नल बदलतात, इमेज (एका फाइलमध्ये बांधलेली क्लायंटची सिस्टीम) परत बनवतात, आणि उत्तर असतं क्लायंटच्या पोर्टवर पोर्टफास्ट, म्हणजे ही वाट न बघता लगेच पॅकेट सोडायची सेटिंग, चालू करणं.

हे सगळे सुटे भाग होते. ते जोडून वापरता येईल असं पॅकेज जिम मॅकक्विलन यांनी १९९९ मध्ये अमेरिकेत काढलं, लिनक्स टर्मिनल सर्वर प्रोजेक्ट, एलटीएसपी. वेळ अगदी बरोबर होती. १९९६ च्या आसपास ओरॅकलच्या लॅरी एलिसननी नेटवर्क कॉम्प्युटरचा मोठा गाजावाजा केला, सनने जावास्टेशन काढलं, पण पीसी स्वस्त होत गेले आणि ते सगळं विरलं. एलटीएसपीला नवीन मशीन विकायचीच नव्हती, टाकाऊ पीसी जिवंत करायचे होते. म्हणून शाळांनी ते उचललं. ओरेगनमध्ये के१२एलटीएसपी झालं, नॉर्वेत २००१ मध्ये स्कोलेलिनक्स सुरू झालं, जे नंतर डेबियन एड्यू झालं.

जुनं एलटीएसपी क्लायंटसाठी स्वतःच बांधलेली छोटी सिस्टीम घेऊन यायचं. २००५ च्या सुमारास पाचव्या आवृत्तीत उबुंटूवाल्यांनी ते उलटवलं, क्लायंटची सिस्टीम डिस्ट्रोच्याच पॅकेजमधून बनवायची, आणि एड्युबुंटूत, म्हणजे शाळांसाठीच्या उबुंटूत, ते तयार मिळायला लागलं. एक्सडीएमसीपी जाऊन एसएसएचच्या (कूटबद्ध जोडणीच्या) बोगद्यातून लॉगिन आलं. चांगलंच झालं, पण नव्या चुका आल्या. क्लायंटच्या इमेजमध्ये सर्वरच्या एसएसएच की ठेवलेल्या असतात, सर्वरचा आयपी बदलला की पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाकारतं, मग की अपडेट करायच्या आणि इमेजही परत बांधायची. माझी एक अख्खी दुपार यात गेलीये, पासवर्ड रीसेट करत बसलो होतो. आणि उबुंटूत एनएफएसऐवजी (नेटवर्कवरून फाइल वाटणं) एनबीडीवरून (नेटवर्कवरून अख्खी डिस्क वाटणं) दाबलेली स्क्वॉशएफएस इमेज जायला लागली, ती वेगवान, पण आतली फाइल बदलून इमेज बांधायला विसरलं की क्लायंट जुनंच दाखवत राहतो आणि आपण म्हणतो सेटिंग चालत नाही.

थिन क्लायंटला शेवटी मारलं ते व्हिडिओने. हिशोब करून बघा, ८०० बाय ६०० ची खिडकी, पिक्सेलला ३ बाइट, सेकंदाला २५ फ्रेम, झाले ३६ एमबी सेकंदाला, म्हणजे २८८ मेगाबिट, आणि क्लायंटची तार १०० ची. पानं टाइप करायला जे मस्त चालायचं ते एका व्हिडिओने गुडघ्यावर आलं. त्यात ब्राउझर आपली चित्रं एक्स सर्वरच्या मेमरीत ठेवायचे, म्हणजे बिचाऱ्या ६४ एमबीच्या क्लायंटवर, आणि मोठ्या फोटोंचं एक पान उघडलं की टर्मिनल गोठायचं, सर्वरवर मात्र ढीगभर रॅम मोकळी.

म्हणून उत्तर आलं फॅट क्लायंट. बूट नेटवर्कवरून, फाइल सर्वरवर, पण प्रोग्रॅम क्लायंटच्याच प्रोसेसरवर. म्हणजे फिरून सनच्या डिस्कलेस वर्कस्टेशनवरच आलो की! २०१९ मध्ये ग्रीसमधल्या अल्किस जॉर्जोपुलोस यांनी एलटीएसपी मुळापासून नव्याने लिहिलं ते याच पद्धतीवर, इमेज एनएफएसवरून, लॉगिनची खात्री एसएसएचने. एक्सच्या जागी आलेल्या वेलँडमध्ये एक्ससारखी लांबची खिडकी दाखवायची सोय मुळातच नाही, पण पडदा आणि प्रोग्रॅम एकाच मशीनवर असल्यावर ती लागतेय कोणाला.

बूटचा भाग मात्र तसाच राहिला. नवं यूईएफआय (मशीन सुरू करणारं नवं फर्मवेअर, जुनं ते बायोस) मशीन आणलं, जुन्या बायोसवाल्यांच्या शेजारी लावलं, आणि ते काही न बोलता परत बूट मेनूत आलं, तर बहुतेक वेळा त्याला बायोसची फाइल दिली गेलीये. क्लायंट डीएचसीपीच्या ९३ नंबरच्या ऑप्शनमध्ये आपली जात सांगतो, त्यावरून वेगळं फाइलनाव द्यायचं, आणि ते नाव जातं त्याच १९८५ च्या रकान्यात.