इतिहासाची पदवी आणि नर्सिंगचा प्रवेश
नर्सिंगकडे वळू पाहणाऱ्या, पण इतिहास किंवा वाणिज्य शिकलेल्या व्यक्तीला अमेरिकेत पुन्हा चार वर्षांची पदवी पहिल्यापासून करावी लागते, हा समज जुना असला तरी चुकीचा आहे. अन्य शाखांच्या पदवीधरांसाठीचा जलद बीएसएन (नर्सिंगमधील विज्ञान पदवी) अभ्यासक्रम साधारणपणे ११ ते १८ महिन्यांत पूर्ण होतो. खरी अडचण, जिच्याविषयी फारसे बोलले जात नाही, ती प्रवेशापूर्वीची आहे: शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि संख्याशास्त्र हे विषय बहुधा आधीच उत्तीर्ण व्हावे लागतात, आणि काही संस्था फार जुने गुण ग्राह्य धरत नाहीत. नोंदणीकृत परिचारिकेच्या परवान्यासाठीची एनक्लेक्स-आरएन परीक्षा मात्र चार वर्षे शिकलेल्यांना आणि जलद अभ्यासक्रम केलेल्यांना एकच असते.