चिनी जनस्वयंसेवक सेना (कोरिया)

कोरियन युद्धात (१९५०–५३) उत्तर कोरियाच्या बाजूने लढलेली व युद्धविरामानंतर ऑक्टोबर १९५८ पर्यंत त्या देशात राहून पुनर्बांधणीच्या कामात भाग घेतलेली चीनची सेना. नाव स्वयंसेवकांचे असले, तरी तीत प्रामुख्याने चिनी मुक्ती सेनेची नियमित दलेच होती. जुलै १९५० पासून मांचुरियात जमवलेल्या ईशान्य सीमा संरक्षण सेनेला माओ त्से-तुंग यांच्या ८ ऑक्टोबर १९५० च्या आदेशाने हे नाव मिळाले. अमेरिकेशी युद्ध जाहीर न करता लढता यावे, हा त्यामागचा हेतू. चीन-कोरिया सीमेवरील यालू नदी ओलांडण्यापूर्वी सैनिकांनी टोपीवरचा तारा आणि छातीवरची मुक्ती सेनेची पट्टी काढून ठेवली होती. हे नाव ज्येष्ठ बिगर-कम्युनिस्ट नेते हुआंग यान-पेइ यांनी सुचवले, अशी कथा चीनमध्ये प्रचलित आहे. परंतु माओंच्या २ ऑक्टोबरच्या हस्तलिखित मसुद्यातच ते येत असल्याने ही कथा जपून घ्यावी लागते.

पार्श्वभूमी : उत्तर कोरियाने २५ जून १९५० रोजी दक्षिणेवर आक्रमण केले. १५ सप्टेंबरला इंचॉन येथे अमेरिकी सैन्य उतरले आणि उत्तर कोरियाची फौज दोन आठवड्यांत कोलमडली. १ ऑक्टोबर रोजी दक्षिण कोरियाच्या तुकड्यांनी दोन्ही कोरियांना विभागणारे ३८ वे अक्षवृत्त ओलांडले. त्याच दिवशी उत्तर कोरियाचे नेते किम इल-सुंग व परराष्ट्रमंत्री पाक होन-यंग यांनी चीनकडे लेखी मदत मागितली.

सहभागाचा निर्णय : हा निर्णय नेमका केव्हा झाला, याविषयी मतभेद आहेत. १९८७ मध्ये चीनमध्ये प्रकाशित झालेल्या माओंच्या कागदपत्रांत स्टालिन यांना उद्देशून २ ऑक्टोबर १९५० ची एक तार आहे. काही सैन्य ‘स्वयंसेवक’ या नावाने पाठवण्याचे ठरले असून १५ ऑक्टोबरपासून बारा तुकड्या (डिव्हिजन) निघतील, असे तीत म्हटले आहे. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर रशियन दप्तरे खुली झाली, तेव्हा मात्र याच्या नेमका उलट मजकूर हाती आला. सोव्हिएत राजदूत रोश्चिन यांनी मॉस्कोला कळवलेल्या निरोपात माओ म्हणतात, की अशा कृतीचे परिणाम अत्यंत गंभीर होऊ शकतात, तूर्त सैन्य न पाठवणे बरे आणि अंतिम निर्णय अजून झालेला नाही. काहींनी चिनी तारेच्या, तर काहींनी रशियन प्रतीच्या अस्सलपणाविषयी शंका घेतली. शेन झिहुआ या चिनी इतिहासकाराने सुचवलेली उपपत्ती अधिक पटण्याजोगी आहे : चिनी मसुदा माओंच्या हातचाच, पण पाठवल्याची नोंद त्यावर नाही. सहकाऱ्यांचा विरोध दिसल्यावर तो बाजूला ठेवला गेला आणि दुसराच निरोप तोंडी दिला गेला. सेनानी लिन बियाव यांच्यासह अनेक नेत्यांना नुकत्याच संपलेल्या यादवी युद्धानंतर नवे युद्ध नको होते, हे अन्य साधनांवरूनही दिसते.

४ व ५ ऑक्टोबरच्या पॉलिटब्युरो (चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सर्वोच्च मंडळ) बैठकांनंतर पारडे फिरले. शीआन येथून विमानाने बोलावून घेतलेले ज्येष्ठ सेनानी पेंग दहुआई यांनी हस्तक्षेपाच्या बाजूने कौल दिला आणि सेनापतिपदही स्वीकारले. तरीही प्रश्न मिटला नाही. पंतप्रधान चौ एन-लाय काळ्या समुद्राकाठी स्टालिन यांना भेटले, तेव्हा सोव्हिएत विमानदलाला तयारीसाठी दोन-अडीच महिने लागतील, असे त्यांना ऐकावे लागले. १२ ऑक्टोबरला माओंनी कूच थांबवले, १३ ला पुन्हा होकार दिला; १८ ला अखेरचा हुकूम सुटला आणि १९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सैन्य नदी ओलांडू लागले. त्यामुळे ‘निर्णयाची तारीख’ म्हणून ५ किंवा ८ ऑक्टोबर देण्याची रूढी सोयीची असली, तरी काटेकोर नाही. सोव्हिएत जेट विमाने नोव्हेंबरच्या आरंभी उतरली खरी, पण त्यांचा वावर मुख्यतः यालूच्या परिसरापुरताच राहिला.

सीमेची सुरक्षा हेच सहभागाचे मुख्य कारण, हे मत प्रारंभीच्या पाश्चात्त्य अभ्यासकांत रूढ होते. पुढे क्रांतीची प्रतिष्ठा आणि देशांतर्गत एकजूट यांवर भर देणारी मांडणी पुढे आली. दोन्हींत तथ्य आहे. मात्र ऑक्टोबरातील धरसोड पाहता केवळ विचारसरणीवर भिस्त ठेवणारे स्पष्टीकरण अपुरे पडते.

भारताचा संबंध येथेच प्रथम येतो. २–३ ऑक्टोबरच्या मध्यरात्री चौ एन-लाय यांनी भारतीय राजदूत का. मा. पणिक्कर यांना झोपेतून उठवून बोलावून घेतले आणि अमेरिकी सैन्याने ३८ वे अक्षवृत्त ओलांडल्यास चीन गप्प बसणार नाही, असे सांगितले. दिल्लीमार्फत हा इशारा वॉशिंग्टनला पोचला. पणिक्कर चीनधार्जिणे आहेत, या समजुतीने तेथे तो फारसा मनावर घेतला गेला नाही.

युद्ध : पहिल्या फळीत सुमारे अडीच लाख सैनिक होते. आनदुंग (सध्याचे दानदोंग), चांगदियान हको व जीआन येथून ते रात्री नदी ओलांडत आणि दिवसा डोंगरांत दडून राहत; टेहळणी विमानांना त्यांचा सुगावा लागला नाही. २५ ऑक्टोबरला ओनजोंगजवळ पहिली चकमक झाली व चीनमध्ये हाच दिवस सहभागाचा स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. नोव्हेंबर अखेरीच्या हल्ल्याने अमेरिकी फौजा मागे हटल्या. चोसिन सरोवराच्या परिसरात चिनी सेनानी सुंग शी-लुन यांच्या सैन्यातील हजारो जण पुरेशा गरम कपड्यांअभावी गारठून मेले वा निकामी झाले. ४ जानेवारी १९५१ रोजी सोल पडले, मार्चमध्ये ते पुन्हा हातचे गेले. एप्रिल–मेमधील पाचव्या आक्रमणानंतर युद्ध खंदकांत रुतले.

या सेनेची खरी अडचण पुरवठ्याची. अमेरिकी विमाने रस्ते व रेल्वे सतत फोडत असल्याने चूल पेटवणेही धोक्याचे होते. त्यावर तोड म्हणून ‘चाव-म्येन’ हे कोरडे पीठ निघाले : गव्हाचे भाजलेले पीठ ७० टक्के, सोयाबीन, मका किंवा ज्वारीचे ३० टक्के आणि चिमूटभर मीठ. आपल्याकडील सातूच्या पिठासारखेच हे. पाणी मिळाले तर कालवून, नाहीतर मूठभर बर्फाबरोबर गिळायचे. ईशान्य चीनमधील घरोघर व कचेऱ्यांत ते भाजले जाई. पेकिंगमध्ये चौ एन-लाय स्वतः भाजायला बसल्याचे चिनी वृत्तांत सांगतात. सैनिकाच्या पाठीवर साधारण आठवड्याची शिदोरी व दारूगोळा मावत असे. अमेरिकी जनरल रिजवे यांनी ही मर्यादा ओळखली : चिनी हल्ला सहा-सात दिवसांनी आपोआप मंदावतो, तोवर सावकाश मागे सरायचे आणि मग उलट मुसंडी मारायची. १९५१ नंतर रेल्वे दुरुस्तीची दले, विमानवेधी तोफा व डोंगर पोखरून केलेली भुयारे यांनी परिस्थिती सुधारली. १९५२ च्या शरदातील शांगगानलिंगची लढाई या भुयारांच्या बळावरच लढली गेली. सोव्हिएत शस्त्रांपैकी बरीचशी चीनला उधारीने घ्यावी लागली.

युद्धविराम २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोम येथे झाला.

युद्धकैदी व भारतीय दल : मायदेशी परतण्यास नकार देणारे सुमारे साडेबावीस हजार कैदी तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे सोपवले गेले, त्यांत १४ हजारांहून अधिक चिनी होते. आयोगाचे अध्यक्षपद भारताचे जनरल थिमय्या यांच्याकडे आणि कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे नेतृत्व मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात या मराठी सेनानीकडे होते. दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष सिंग्मन ऱ्ही यांनी भारतीय जवानांना आपल्या भूमीवर पाय ठेवू न दिल्याने त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात न्यावे लागले. सप्टेंबर १९५३ मध्ये चिनी कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला कोंडून ठेवले, तेव्हा थोरात स्वतः आवारात शिरले आणि गोळीबार न होता त्याची सुटका झाली. छावण्यांमध्ये कुओमिंतांग (यादवी युद्धात हरून तैवानला गेलेला चिनी राष्ट्रवादी पक्ष) समर्थक म्होरक्यांचा दरारा होता, अनेकांच्या अंगावर कम्युनिस्टविरोधी घोषणा गोंदलेल्या होत्या. त्यामुळे ‘स्वेच्छेने’ नकार दिलेले किती, हा प्रश्न वादग्रस्तच आहे. जानेवारी १९५४ मध्ये बहुतेक चिनी कैदी तैवानला गेले. चीनमध्ये परतलेल्या कैद्यांच्या वाट्याला दीर्घकाळ संशय आला; अनेकांचे पक्षसदस्यत्व गेले.

पुनर्बांधणी : बाँबहल्ल्यांनी प्याँगयांगसह उत्तरेतील बहुतेक शहरे जमीनदोस्त झाली होती आणि धडधाकट पुरुषांची वानवा होती. त्यामुळे चिनी तुकड्या हाच सर्वांत मोठा आयता मजूरवर्ग ठरला. चिनी अधिकृत आकडेवारीनुसार या सेनेने ८८१ सार्वजनिक इमारती, ४५,४१२ घरखोल्या व ४,२६३ लहानमोठे पूल बांधले किंवा दुरुस्त केले. शिवाय बंधारे, कालवे, पेरणी-कापणी आणि वनीकरण. हे आकडे एकाच बाजूचे असून ‘पूल’ या सदरात ओढ्यावरच्या लाकडी साकवापासून रेल्वेपुलापर्यंत सारे येत असावे. उत्तर कोरियाची पुढील काळातील प्रकाशने या श्रमांबद्दल त्रोटक बोलतात. आर्थिक मदतीची बाजू अधिक स्पष्ट आहे : नोव्हेंबर १९५३ च्या करारान्वये चीनने युद्धकाळातील येणे माफ केले आणि १९५४–५७ साठी ८० कोटी युआन (नव्या चलनात) अनुदान म्हणून दिले. युद्धात अनाथ झालेल्या हजारो कोरियन मुलांचा सांभाळ ईशान्य चीनमध्ये होत होता.

माघार : १९५४–५५ मध्ये १९ डिव्हिजन टप्प्याटप्प्याने परत गेल्या. फेब्रुवारी १९५८ मध्ये चौ एन-लाय यांच्या प्याँगयांग भेटीत उरलेल्यांच्या माघारीची घोषणा झाली आणि मार्च ते ऑक्टोबर १९५८ मध्ये तीन टप्प्यांत सुमारे अडीच लाख सैनिक परतले. अखेरचे सेनापती यांग युंग हे होते. अमेरिकेवर सैन्य हटवण्यासाठी नैतिक दडपण आणणे, हे अधिकृत कारण. परंतु ऑगस्ट १९५६ मध्ये किम यांनी चीनशी जवळीक असलेल्या यानआन गटावर घाव घातला होता आणि त्यात चीन व सोव्हिएत संघाने हस्तक्षेपही केला होता. परकी फौज दाराशी असणे किम यांना डाचत होते, तर माओंना त्यांची मर्जी सांभाळायची होती. हे अंतर्गत कारण अधिकृत कारणापेक्षा कमी महत्त्वाचे नसावे.

हानी व स्मृती : चीनने आपल्या मृतांचा आकडा वेळोवेळी सुधारला असून सध्या तो १,९७,६५३ असा दिला जातो; पाश्चात्त्य अंदाज बहुधा याहून मोठे, काही तर दुप्पट आहेत. माओंचे ज्येष्ठ पुत्र माओ आन-यिंग २५ नोव्हेंबर १९५० रोजी सेनेच्या मुख्यालयावरील हवाई हल्ल्यात मृत्यू पावले. त्यांची कबर उत्तर कोरियात हुएचांग येथे आहे. प्याँगयांगच्या मोरान टेकडीवर १९५९ मध्ये मैत्रीचा मनोरा उभारण्यात आला. दानदोंग येथे यालूवरील अर्धवट तुटलेला जुना पूल जतन केलेला आहे. दक्षिण कोरियाने २०१४ पासून तेथे सापडलेले चिनी सैनिकांचे अवशेष परत देण्यास सुरुवात केली. पहिल्या खेपेत ४३७ होते. पेंग दहुआई १९५९ मध्ये पदच्युत झाल्यावर जवळपास वीस वर्षे चिनी लेखनात या युद्धाचे वर्णन त्यांना वगळून किंवा दूषणे देऊन होत असे. डिसेंबर १९७८ मध्ये त्यांची प्रतिष्ठा पुनःस्थापित झाल्यावरच सेनानींच्या आठवणी व कागदपत्रे मोठ्या प्रमाणावर छापली जाऊ लागली. वर उल्लेखिलेली २ ऑक्टोबरची तार त्यांपैकीच एक.